होडी राहू द्या, आधी ती पॉलिसी परत करा

प्रश्न : वय 60. पीथमपूरच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालो. सगळी देणी फेडून 34 लाख उरले. त्यातले 4 लाख बँकेने एफडीपेक्षा चांगल्या योजनेत घालून दिले. मुंबईकडच्या एका यार्डात 1978 सालची, फायबरग्लासची, छोटी केबिन असलेली 18 फुटी मोटरबोट साडेचार लाखांना मिळते आहे. दुरुस्त करून हनुवंतियाला ठेवीन, सुट्ट्यांत पर्यटकांना भाड्याने देईन. किंमत योग्य आहे का? घरखर्च महिना 32 हजार, पेन्शन 3,800. फोटो जोडले आहेत. — एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : तुम्ही होडीचे पाच फोटो पाठवलेत आणि सहावा त्या चार लाखांच्या कागदाचा, पैसे सुरक्षित आहेत हे दाखवायला. मी सहाव्यावरच अडकलो.

तो एफडीचा कागद नाही, आयुर्विम्याची पॉलिसी आहे. उजवीकडच्या चौकटीत बारीक अक्षरांत लिहिलंय : हप्ता 4 लाख, वार्षिक, भरण्याची मुदत 10 वर्षे. म्हणजे तुम्ही 4 लाख गुंतवले नाहीत, 40 लाखांचा शब्द देऊन बसलात. जवळ आहेत 30. त्याच पानावर तुमचा व्यवसाय 'नोकरी' आणि वार्षिक उत्पन्न '12 लाख' आहे. हे तुम्ही लिहिलं नसणार. फॉर्म त्यांनी भरला, तुम्ही फुल्या मारलेल्या जागी सह्या केल्या. बँकेतला मुलगा सालस असेल, घरी येऊन पोहेही खाऊन गेला असेल. त्याचं टार्गेट पूर्ण झालं.

आता हिशेब. तुमचा वर्षाचा घरखर्च 3 लाख 84 हजार, हप्ता 4 लाख. पेन्शन वजा जाता घराला साधारण 3.4 लाख लागतात, त्यात हप्ता मिळवला की दरसाल 7.4 लाख बाहेर. व्याज धरूनही 30 लाख पाचव्या वर्षी आटतात, आणि तेव्हा निम्मे हप्ते बाकी असतात. मध्येच थांबलात तर भरलेल्यातला मोठा तुकडा कापून उरलेलं हातात येतं. आणि समजा, कुठून तरी सगळे हप्ते भरलेत, तर मिळणार काय? बाराव्या वर्षापासून दहा वर्षे दरसाल 7 लाख. चाळीसाचे सत्तर ऐकायला झकास. पण भरणं आणि मिळणं यांत सरासरी बारा वर्षांचं अंतर आहे, म्हणून परतावा पाच टक्क्यांच्या आतच बसतो. पहिला रुपया हाती येईल तेव्हा तुम्ही 72 वर्षांचे असाल.

सुदैवाने पॉलिसीची ई-मेल तुम्हाला याच महिन्याच्या 6 तारखेला आली आहे. पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून 30 दिवस 'फ्री लूक'चे असतात. या मुदतीत लेखी कळवलं की मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किरकोळ रक्कम कापून बाकी पैसे परत मिळतात. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या आणि पोच घ्या, शिवाय ई-मेलही करा. बँकेच्या भरवशावर राहू नका. तिथे "काका, मी बघतो" म्हणत दोन आठवडे सहज घालवतील. हे छापून येईपर्यंत थांबायला नको, म्हणून तुम्हाला वेगळा निरोप धाडला आहेच. कंपनीने टोलवलं तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा. त्यानंतर विमा लोकपाल आहेत, त्यांचं कार्यालय भोपाळलाच आहे.

पैसे परत आले की 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. 8.2 टक्क्यांनी महिन्याला 20,500 पडतात (व्याज तीन महिन्यांनी एकदा जमा होतं). पेन्शन धरून 24,300. तरीही 7,700 कमी पडतात, आणि महागाई अजून धरलेलीच नाही. उरलेले 4 लाख आजारपणासाठी हात न लावता ठेवायचे, कारण कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर गेला असणार. तुम्ही त्याबद्दल अक्षर लिहिलेलं नाही. वहिनींना विचारा, त्यांच्या लक्षात असेल.

मग होडी कशातून घेणार?

भाड्याच्या कमाईवर तर मुळीच नाही. हनुवंतिया इंदिरासागर धरणाच्या पाण्यावर आहे, म्हणजे नर्मदेवर. सप्टेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या भोपाळ पीठाने भोपाळचा मोठा तलाव आणि नर्मदा यांतल्या क्रूझ नि मोटरबोटींविरुद्ध आदेश दिला आहे. त्यातून वाट निघालीच, तरी अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 प्रमाणे नोंदणी, तपासणी आणि त्रयस्थ पक्षाचा विमा लागतोच. पर्यटक बसवणार म्हटल्यावर त्यात ढिलाई नको. वडोदऱ्याच्या हरणी तलावात जानेवारी 2024 मध्ये होडी उलटून शाळकरी मुलं बुडाली, ते आठवा.

तरी किंमत विचारलीत, म्हणून सांगतो. त्या काळच्या होड्यांचं फायबर बहुतेकदा जाड असतं, ते सहसा दगा देत नाही. दगा देतं आतलं लाकूड. मागच्या उभ्या भिंतीत, जिच्यावर इंजिन टांगतात त्या ट्रान्सममध्ये, प्लायवूड असतं. नाण्याने ठोकून पाहा : टणक आवाज आला तर ठीक, भदभद आला तर आत कुजलंय. तळाच्या पोकळीत तरंगण्यासाठी फोम भरलेला असेल, तर तो वर्षानुवर्षं पाणी पीत असतो. होडी ट्रेलरसकट धर्मकाट्यावर चढवा, मग ट्रेलर एकटा. फरक मूळ वजनाहून बराच जास्त भरला तर तो पाण्याचाच. इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, प्रत्येक सिलिंडरचं वेगळं मोजायला लावा. "चालू आहे" याचा यार्डातला अर्थ एवढाच, की कधीतरी चालू होतं. ते बदलायची वेळ आली तर नवं इंजिन होडीपेक्षा महाग पडेल.

तुमच्या चौथ्या फोटोत इंजिनाच्या बोल्टांखालून तपकिरी ओघळ उतरलेत. ते गंजाचे नसून कुजक्या प्लायवूडचे असतील, तर पुढचे साडेचार लाख तिच्या दुरुस्तीतच जातील. मी त्या होडीला दीड लाखही देणार नाही.