आजीची प्लेट

प्रश्न : तांब्याच्या प्लेटवर सुईनं रेषा ओढून, त्या ॲसिडनं कोरून आजीचं एचिंग केलं. चेहरा जमला होता. पण मागे रिकामं वाटलं म्हणून खिडकी, तुळस, दाट सावली भरत गेले. आता प्रूफमध्ये, म्हणजे चाचणीच्या ठशात, आजीच दिसत नाही. प्लेट वाया गेली का? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : नाही. तुम्ही पाठवलेली दोन्ही प्रूफं समोर आहेत. पहिल्यात आजीच्या ओठांशी सुईची एकच रेष आहे, बोळकं मिटल्यावर पडते तशी. रोज तिच्याजवळ बसणाऱ्यालाच ती दिसते. खिडकी तर कुणीही काढली असती.

डच चित्रकार रेम्ब्रांटनं १६२८मध्ये एचिंगमध्ये एक म्हातारी केली. ती त्याची आई मानतात. चित्र जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचं, डोळ्यांजवळ धरूनच पाहावं लागतं. सगळा जीव सुरकुत्यांत. खांद्याशी रेषा सैल पडतात, मागे कोरा कागद. फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइकनं प्लेटवर स्वतःचं नुसतं डोकं आणि कॉलरच्या दोनचार रेषा काढल्या होत्या. तो १६४१मध्ये गेला. पुढे त्याच्या व्यक्तिचित्रांच्या संग्रहाच्या १६४५च्या आवृत्तीसाठी याकोब नेफ्सनं त्याच प्लेटवर धड आणि चौथरा कोरून शीर्षकपान केलं. दोन्ही ठसे शेजारी ठेवून पाहाच. पहिल्यात तो मान वळवून आपल्याकडे बघतो, दुसऱ्यात पुतळा झालाय.

तुमच्या खिडकीच्या रेषा उथळ असतील तर स्क्रेपरनं खरवडा, मग तेलाचा थेंब टाकून बर्निशरनं घोटा. खोल गेल्या असतील तर सरळ प्लेट कापा, चेहऱ्याभोवती दोन बोटं सोडून. कडा कानशीनं तिरक्या करा, नाहीतर प्रेसमध्ये कागद फाटेल.

पुढची प्लेट थंडीत करा. मी आईचं चित्र मे महिन्यात, अंगणात कुरडया वाळत असताना केलं. नागपूरच्या उन्हानं तापलेलं ॲसिड भराभर खातं. गालावरच्या केसासारख्या रेषा सुतळीएवढ्या झाल्या. ती प्लेट अजून टाकवत नाही. चेहरा ॲसिडमधून लवकर बाहेर काढा, पुढे ॲसिड लागू नये म्हणून व्हार्निशनं झाका आणि फक्त बुबुळं पुन्हा ॲसिडमध्ये जाऊ द्या.

आणखी एक. ठसा उलटा येतो, त्यामुळे आजीची चमकी उजव्या नाकपुडीत गेलीय. घरच्यांना आधी तेच खटकेल. पुढच्या वेळी स्केच आरशात धरून प्लेटवर उतरवा.