बारा फुटी शंकूझाड: सोळा माळा, ८०० पिक्सेल आणि खरेदीआधीचा हिशेब

तुमचा प्रश्न असा: जालन्यातल्या चर्चच्या आवारात नाताळसाठी रस्त्याकडे तोंड असलेलं, संगीतावर हलणारं प्रकाशाचं झाड उभं करायचंय, माळा किती, सप्लाय किती, कंट्रोलर कोणता? उत्तर देतो, पण खरेदीची यादी शेवटी करा. आधी कागदावर शंकू काढा, कारण माळेची लांबी, वायरची वाट आणि सप्लायची जागा हे सगळं त्या आकृतीतूनच ठरतं.

मागे भिंत आहे, म्हणजे पूर्ण गोल नको. अर्धा शंकू, १८० अंशांचा, पुरे. पिक्सेल म्हणजे ज्याचा रंग एकेकटा बदलता येतो असा एलईडी दिवा. ५० पिक्सेलची एक माळ, दोन पिक्सेलमध्ये ३ इंच अंतर आणि दोन्ही टोकांना दीड-दीड इंच सोडलं तर माळ साडेबारा फुटांची होते. खालच्या कडीची त्रिज्या ४ फूट आणि वरच्या कडीची अर्धा फूट धरा. फरक साडेतीन फूट, तिरकी बाजू साडेबारा. पायथागोरसने उभी उंची बरोबर १२ फूट येते.

इथे हमखास एक चूक होते. सोळा माळा म्हणून लोक १८० ला १६ ने भागतात. अर्ध्या शंकूत दोन्ही कडांना माळ असते, म्हणून जागा पंधराच: १२-१२ अंशांवर. खाली दोन माळांमध्ये सुमारे १० इंच अंतर पडतं, वर जेमतेम सव्वा इंच. १२ मिमीचा बुलेट (गोळीच्या आकाराचा) पिक्सेल तेवढ्यात बसतो. मात्र वरची कडी यापेक्षा लहान केलीत तर शेंड्याला नुसता गोळा दिसेल.

या दोन अंतरांवरून वायरिंगची वाट ठरते. डेटा, म्हणजे पिक्सेलला रंग सांगणारा सिग्नल, खालून चढवा, शेंड्यावर शेजारच्या माळेत वळवा आणि खाली उतरवा. वरचं अंतर सव्वा इंच असल्याने तिथे जोडवायर लागत नाही, बारा-चौदा फुटांवर सोल्डरचा सांधाही राहत नाही. आणि १०० पिक्सेलच्या या जोडमाळेची दोन्ही टोकं खालीच येतात, त्यामुळे वीज दोन्हीकडून देता येते. अशा आठ जोड्या. दोन जोड्या मिळून कंट्रोलरचा एक पोर्ट (डेटा बाहेर पडण्याची जागा), म्हणजे ४ पोर्ट, प्रत्येकी २०० पिक्सेल. पोर्टच्या आतल्या दोन जोड्यांना खाली १० इंचांची जोडवायर लागेल. तिच्यातून डेटा आणि निगेटिव्ह न्या, पॉझिटिव्ह जोडू नका.

पिक्सेल १२ व्होल्टचे, डब्ल्यूएस २८११ चिपचे घ्या. ५ व्होल्टच्या पिक्सेलला वीज कमी लागते हे खरं, पण लांब माळेत व्होल्टेज पडलं की निळा आणि हिरवा आधी मरतात आणि टोकाचा पांढरा लालसर-पिवळा दिसतो. १२ व्होल्टच्या साध्या रेझिस्टरवाल्या पिक्सेलला पूर्ण पांढऱ्यावर सुमारे ६० मिलीअँपिअर, म्हणजे ०.७२ वॅट धरा. ८०० चे ५७६ वॅट झाले. रात्री ३० टक्के प्रकाश भरपूर होतो, म्हणजे प्रत्यक्षात पावणेदोनशे वॅटच्या आसपास. ती मर्यादा कंट्रोलरमध्येच घाला, इफेक्टच्या फाइलवर सोडू नका. तरीही १२ व्होल्ट ३५० वॅटचे दोन एसएमपीएस (मेनच्या विजेचे १२ व्होल्ट करणारे सप्लाय) लावा, प्रत्येकावर चार जोड्या. दोघांचे निगेटिव्ह एकत्र जोडा, पॉझिटिव्ह कधीच नाही. प्रत्येक जोडीला ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज. गाड्यांच्या स्पेअरपार्टच्या दुकानात मिळतो.

एसएमपीएसच्या बाजूला बऱ्याचदा ११५/२३० चा छोटा लाल स्विच असतो. पहिल्यांदा वीज देण्याआधी तो २३० वर आहे हे डोळ्यांनी पाहा. ११५ वर राहिला तर सप्लाय क्षणात जातो. मेनला ६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंटला तुटणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तुटणारा स्विच) आणि खरं अर्थिंग हवंच. आवारात लहान मुलं फिरणार आहेत.

कंट्रोलरचं. मंडपवाल्यांकडे मेमरी कार्डवर चालणारे कंट्रोलर असतात. ते नुसत्या रोषणाईला चांगले, पण गाण्याच्या ठेक्याशी जुळवायचं तर ईथरनेट असलेला ईएसपी ३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर पिक्सेल चालवणारं डब्ल्यूएलईडी आणि लॅपटॉपवर गाण्याशी इफेक्ट जुळवणारं एक्सलाइट्स ही सॉफ्टवेअरं घ्या. दोन्ही फुकट आहेत. वायफायवर गर्दीच्या रात्री पॅकेट गळतात आणि झाड अडखळतं. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल, म्हणून ८०० पिक्सेल म्हणजे २,४०० चॅनेल; एका युनिव्हर्समध्ये (चॅनेलच्या एका गठ्ठ्यात) १७० पिक्सेल बसतात, म्हणून पाच युनिव्हर्स. एक्सलाइट्समध्ये १८० अंशांचं झाड, ४ स्ट्रिंग (म्हणजे आपले पोर्ट), प्रत्येकी २०० नोड (पिक्सेल), स्ट्रिंगमागे ४ पट्ट्या (माळा), सुरुवात खालून डावीकडून, आणि खालच्या-वरच्या रुंदीचं गुणोत्तर ८.

ईएसपीचा डेटा ३.३ व्होल्टचा असतो, पिक्सेलला ५ लागतो. मध्ये सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी ७४एचसीटी१२५ चिप टाका आणि पहिला पिक्सेल दोन-तीन मीटरच्या आतच ठेवा. 'माळ मधूनच भलतेच रंग मारते' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच किंवा न जोडलेल्या निगेटिव्हमध्ये सापडतं.

आता खांब. जीआय पाइप २० फुटी मिळतो. दोन इंची, बी-क्लास (मध्यम जाडीचा) घ्या. ३ फूट जमिनीत, २ फूट मोकळे, १२ फूट झाड, उरलेल्यावर चांदणी. मराठवाड्याची काळी माती हिवाळ्यात सुकून भेगाळते आणि नुसता पुरलेला खांब कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा आणि काँक्रीट भरा. शिवाय अर्ध्या शंकूत सोळा माळांची एकत्रित ओढ पुढेच असते, म्हणून वरच्या कडीपासून मागे दोन तारांचे ताण टर्नबकल (तार घट्ट-सैल करणारा स्क्रू) लावून द्या. तिसरा ताण समोर, आठव्या-नवव्या माळेच्या मधून. तो दिसत नाही.

पिक्सेल तारेला नुसते बांधले तर प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे वळतं. इलेक्ट्रिशियन वापरतात ती पीव्हीसी केसिंगपट्टी घ्या, ३-३ इंचांवर १२ मिमीची भोकं पाडा आणि पिक्सेल मागून दाबून बसवा. एका रद्दी तुकड्यावर आधी एक भोक पाडून पाहा: पिक्सेल अंगठ्याने दाबल्यावर टक्कन बसला पाहिजे, सैल वाटला तर अर्धा मिमी लहान ड्रिल वापरा. माळेचा भार पट्टीवर नको, मागून तार ओवून तिच्यावर घ्या.

डिसेंबरात पाऊस क्वचितच, पण पहाटेचं दव सांध्यात शिरतं. नुसती टेप चालत नाही. आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह लावा. सप्लायच्या पेटीत वायर खालूनच घ्या.

माळा लावण्याआधी जमिनीवर पसरून २४ तास चालवा. अंधार जिथे सुरू होतो तो पिक्सेल आणि त्याच्या आधीचा शेवटचा पेटलेला, दोन्ही संशयित असतात. बऱ्याचदा पेटलेल्याचंच आउटपुट मेलेलं असतं. ५० पिक्सेल जादा ठेवा, तेही त्याच खेपेतले, नाहीतर पांढऱ्याची छटा वेगळी पडते.

'नाताळच्या शुभेच्छा' हा मजकूर झाडावर फिरवायचा विचार सोडा. सोळा उभ्या रांगांत देवनागरीचं एखाद-दुसरं अक्षरच मावतं, आणि खाली १० इंचांच्या फटीत वेलांट्या फुटतात. मजकुरासाठी पी१० चे (दुकानांच्या पाट्यांवर असतात तसे) एलईडी पॅनेल वेगळे लावा. झाडावर सर्पिल, वरून झरणारा बर्फ आणि खालून चढणारी ज्योत हेच इफेक्ट उठून दिसतात.