निर्दोष सुटले, तरी अटक सांगायची का?

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातली निवृत्त अंगणवाडी सेविका, वय 66. लेक-जावई अमेरिकेत ऑस्टिनला असतात. लेकीला सातवा महिना आहे, म्हणून मला जायचंय. व्हिसाचा फॉर्म एजंटाने भरला. ‘कधी अटक झाली आहे का?’ या प्रश्नापुढे त्याने मला न विचारताच ‘नाही’ टाकलं. फॉर्म पाठवून झाल्यावर जावयांनी तो वाचला, तेव्हा हे कळलं.

2005 साली मानधनवाढीसाठी आम्ही जेलभरो केला होता. पोलिसांनी सगळ्याजणींना गाडीत घालून मैदानावर नेलं आणि संध्याकाळी सोडलं. 2011 मध्ये रास्ता रोको केला, त्याची केस झाली. अटक आणि जामीन एकाच दिवशी झाले, पण पुढे पाच वर्षं तारखांना गेले. 2016 ला आम्ही सगळ्याजणी निर्दोष सुटलो. एजंट म्हणतो, शिक्षा झाली नाही म्हणजे अटकही धरत नाहीत, ‘हो’ लिहाल तर व्हिसा जाईल. मुलाखत महिन्यावर आली आहे. हे सांगत बसायचं का? काय करू?

उत्तर : ताई, ‘हो’ लिहायचं. आणि मुलाखतीच्या आधी लिहायचं.

एजंट दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो आहे. अमेरिकेच्या व्हिसाचा जो डीएस-160 फॉर्म असतो, त्यातला प्रश्न, कधीही अटक झाली आहे का किंवा दोषी ठरला आहात का, असा आहे. त्यात ‘किंवा’ आहे. माफी मिळाली असली तरी सांगा, असंही त्याच वाक्यात म्हटलंय. निर्दोष सुटलेल्या माणसाला 2011 ची ती दुपार झालीच नाही असं म्हणता येत नाही. कोर्टाने तुम्हाला गुन्ह्यातून मोकळं केलं, घडलेली अटक पुसली नाही.

आता तुमच्या भीतीबद्दल. नुसती अटक झाली म्हणून व्हिसा नाकारावा, असं अमेरिकेच्या कायद्यात कलम नाही. तिथे अडचण येते ती दोषी ठरल्याने किंवा ठरावीक गंभीर गुन्ह्यांची कबुली दिल्याने. तुमच्यावरची कलमं रास्ता रोकोत नेहमी लागतात तीच असणार : बेकायदा जमाव, रस्ता अडवणं, मनाई आदेश मोडणं. त्यात चोरी नाही, फसवणूक नाही, कुणाला मारलेलं नाही. पण महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं सांगितलं असं अधिकाऱ्याचं मत झालं, तर प्रवेशबंदी कायमची असते. सवलत मागता येते, पण ती द्यायची की नाही हे त्यांच्या हातात. म्हणजे जी अटक सांगून फारसं बिघडणार नव्हतं, ती लपवल्याने लेकीच्या घरचा रस्ता बंद होऊ शकतो. माझ्या एका अशिलाचं असंच झालं. पहिल्यांदा ‘नाही’ लिहून व्हिसा मिळाला. पुढे मुलाने त्यांच्या ग्रीन कार्डासाठी, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज केला, तेव्हा त्यांनी खरं लिहिलं आणि जुना फॉर्म समोर आला. गुन्हा राहिला बाजूला, ते ‘नाही’ का लिहिलं याचंच उत्तर त्यांना देत बसावं लागलं.

‘एजंटाने भरला’ हे कारण चालेल असं धरून चालू नका. मदत कुणी केली हे फॉर्ममध्येच विचारतात, पण माहिती खरी असल्याची शेवटची सही बटण दाबून अर्जदाराने स्वतः करायची असते. ती कुणाच्या बोटाने झाली, हे एजंटाला जरूर विचारा.

पाठवलेला फॉर्म उघडून खोडता येत नाही, नवा भरता येतो. जावयांना फोनवर घ्या, प्रत्येक प्रश्न मराठीत समजून घ्या, मदतनीस म्हणून त्यांचं नाव लिहा आणि शेवटचं बटण तुम्ही दाबा. नव्या फॉर्मचा क्रमांक अपॉइंटमेंटच्या खात्यात आजच बदलून घ्या. दोन्ही क्रमांक जुळले नाहीत तर दारातूनच परत पाठवतात. त्यांनी पकडण्याआधी आपण होऊन केलेल्या दुरुस्तीला वजन असतं.

2005 बद्दल वकिलांमध्ये दोन मतं निघतील. जेलभरोत पोलीस बहुधा मुंबई पोलीस कायद्याच्या (आता त्याचं नाव महाराष्ट्र पोलीस कायदा) कलम 68 खाली ताब्यात घेतात आणि प्रसंग टळला की 69 खाली सोडून देतात. त्याला काटेकोर अर्थाने अटक म्हणायचं का, यावर वाद घालता येतो. पण दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ‘अटक व सुटका’ असंच छापून येतं आणि आपणही तसंच सांगतो. माझं मत, तेही लिहा. एक ओळ जास्त होईल, इतकंच.

‘हो’ म्हटल्यावर खुलाशाची जागा येते. तिथे गाऱ्हाणं नको. साल, ठिकाण, मानधनासाठीचं आंदोलन, कलमं, जामीन, कोर्टाचं नाव, केस नंबर, निर्दोष सुटल्याची तारीख, बस्स.

कागदात एकच जिवाचा आहे, निकालपत्राची प्रमाणित नक्कल. ज्या कोर्टात तारखा केल्यात तिथे नक्कल अर्ज द्या. आर.सी.सी. किंवा एस.सी.सी. नंबर, म्हणजे फौजदारी केसचा नंबर, आठवत नसेल तर सहआरोपी मैत्रिणींपैकी कुणाकडे समन्स असेल, किंवा ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर नावाने शोधा. रेकॉर्ड नष्ट झालं असेल तर तसा दाखला मागा, तोही चालवता येतो. निकाल मराठीत असला तर इंग्रजी भाषांतर करून अनुवादकाची सही घ्या.

एक गोष्ट मनापासून सांगते. पत्रात तुम्ही ‘हे सांगत बसायचं का’ असं लिहिलंत, जणू काही लपवण्यासारखं केलंय. तुम्ही मानधनासाठी रस्त्यावर बसलात. तालुक्याच्या कोर्टात अशा कितीजणींना मी कडेवरच्या पोरासकट तारखेला उभं राहिलेलं पाहिलंय. मुलाखतीच्या खिडकीवर मान खाली घालू नका.

खरा प्रश्न तिथे वेगळाच असतो : तुम्ही परत याल का? बहुतेक नकार याच कारणाने येतात. त्यामुळे गावात कोण आहे, शेत किती, परतीचा बेत कधीचा, हे स्वच्छ सांगता आलं पाहिजे.

मुंबईच्या वकिलातीत मुलाखत मराठीत देता येते, तशी मागा. अटकेचं विचारलं तर म्हणा, ‘हो, दोनदा, अंगणवाडीच्या आंदोलनात. एकदा संध्याकाळी सोडलं, एकदा केस झाली, 2016 ला निर्दोष सुटले.’ आणि नक्कल पुढे करा. ती तोवर हाती आली नसेल, तर नक्कल अर्जाची पावती सोबत असू द्या. अधिकाऱ्याने कागद मागणारी चिठ्ठी दिली तर तो शेवटचा नकार समजून रडत परतू नका. कागद मिळाला की पाठवायचा, पुढचा निर्णय त्यानंतर होतो.