पहाटेच्या टीव्ही बातम्या: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात ब्रिटनमधल्या सकाळच्या टीव्ही बातम्यांवर लेख होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

बीबीसीचा 'ब्रेकफास्ट टाइम' हा जगातला पहिला सकाळचा बातम्यांचा कार्यक्रम का? (कोल्हापूर)

नाही. तो आला १७ जानेवारी १९८३ ला. अमेरिकेत एनबीसी वाहिनीचा 'टुडे' त्याच्या तब्बल एकतीस वर्षं आधी, १४ जानेवारी १९५२ ला सुरू झाला होता. त्याची कल्पना पॅट वीव्हर यांची आणि निवेदक डेव्ह गॅरोवे. अमेरिकेत पूर्वेकडच्या आणि मधल्या राज्यांच्या घड्याळात एक तासाचा फरक आहे, त्यामुळे सुरुवातीला हे लोक रोज सलग तीन तास थेट प्रक्षेपण करत. पूर्वेकडचा प्रेक्षक त्यातले पहिले दोन तास बघे आणि मधल्या राज्यांतला शेवटचे दोन. म्हणजे मधला एक तास दोघांनाही दिसायचा, एकाला तो आठचा आणि दुसऱ्याला सातचा. त्यात 'आत्ता किती वाजले' हे सांगताना किती काटेकोर राहावं लागत असेल, याचा विचार करा.

ब्रिटनला एवढा उशीर होण्याचं एक मोठं कारण सरकारी होतं. टीव्ही रोज किती तास चालवायचा यावर तिथे सरकारचं बंधन होतं आणि ते १९७२ साली उठलं. १९७७ मध्ये यॉर्कशायर टेलिव्हिजन आणि टाइन टीज या दोन प्रादेशिक कंपन्यांनी काही आठवडे सकाळचं प्रक्षेपण करून पाहिलं. ब्रिटनमधला पहिला प्रयोग म्हणायचा तर तो हा. देशभर दिसणारा पहिला रोजचा कार्यक्रम मात्र 'ब्रेकफास्ट टाइम'च.

बीबीसी आणि टीव्ही-एएम, दोघांनी पंधरा दिवसांच्या अंतराने सुरुवात केली. मग एकाचं जमलं आणि दुसऱ्याचं का फसलं? (पुणे)

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टीव्ही-एएम ही जाहिरातींवर चालणारी खासगी कंपनी, सकाळच्या वेळेपुरता परवाना मिळालेली. तिच्याकडे काय नव्हतं? डेव्हिड फ्रॉस्ट, मायकल पार्किन्सन, अँजेला रिपन, अ‍ॅना फोर्ड, रॉबर्ट की अशी पाच नामवंत मंडळी होती. डिसेंबर १९८० मध्येच परवाना हातात पडलेला. कॅम्डनमध्ये कालव्याकाठी टेरी फॅरेल या वास्तुविशारदाने बांधून दिलेली, छतावर उकडलेलं अंडं ठेवायच्या कपांच्या प्रतिकृती मिरवणारी इमारत. अध्यक्ष पीटर जे यांचा आग्रह असा की टीव्हीने नुसती घटना दाखवू नये, तिच्यामागची कारणं समजावून सांगावीत. विचार चांगला होता, त्यात शंका नाही. पण वेळ सकाळची होती.

सकाळी टीव्हीसमोर कोणी बसत नाही. टीव्ही चालू असतो आणि माणसं घरभर फिरत असतात. कोणी दात घासतंय, कोणी डबा भरतंय, कोणी मोजे शोधतंय. कान बातम्यांकडे आणि डोळे घड्याळाकडे. अशा माणसाला सलग बारा मिनिटांचं विवेचन देऊन उपयोग नाही, कारण चौथ्या मिनिटाला तो आंघोळीला गेलेला असतो.

संपादक रॉन नील यांच्या हाताखालच्या बीबीसीच्या चमूने हे ओळखलं होतं. लाइम ग्रोव्ह स्टुडिओत टेबलाऐवजी लाल चामडी सोफे आले. फ्रँक बॉफ स्वेटर घालून बसायचे, बरोबर सेलिना स्कॉट आणि निक रॉस. हवामानाला फ्रान्सिस विल्सन, व्यायामाला हिरव्या पोशाखातल्या डायना मोरन, राशिभविष्याला रसेल ग्रँट. बातम्या छोट्या आणि ठरावीक अंतराने पुन्हा. कधीही टीव्हीसमोर आलात तरी थोड्या वेळात सगळं कळायचं. गंभीर बातमीदारी करणाऱ्यांनी या सोफ्याला तेव्हा नाकं मुरडली. आमच्या मते तो सोफा हा विचारपूर्वक घेतलेला संपादकीय निर्णय होता.

टीव्ही-एएम १ फेब्रुवारी १९८३ ला सुरू झालं. त्यात आणखी एक संकट आलं. जाहिरातींत काम करणाऱ्या कलाकारांची संघटना आणि जाहिरात कंपन्या यांच्यात मानधनावरून वाद चालू होता, त्यामुळे दाखवायला जाहिरातीच पुरेशा नव्हत्या. प्रेक्षक घटले आणि पैसाही आटला. १८ मार्चला पीटर जे यांनी राजीनामा दिला. एप्रिलमध्ये फोर्ड आणि रिपन यांना काढलं. त्याच महिन्याच्या १ तारखेला, ईस्टरच्या सुट्टीत, रोलँड रॅट नावाची उंदराची बाहुली पडद्यावर आली आणि मुलांनी टीव्ही तिकडे वळवला. मुलांमागून आया आल्या. मे महिन्यापासून नवे मुख्य संपादक ग्रेग डाइक यांनी सगळा कार्यक्रमच हलकाफुलका केला.

या हलकेपणाची किंमतही मोजावी लागली. १२ ऑक्टोबर १९८४ च्या पहाटे तीनच्या सुमारास ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात बॉम्बस्फोट झाला. पंतप्रधान थॅचर तिथेच उतरल्या होत्या. बीबीसीवर थेट दृश्यं दिसत होती आणि टीव्ही-एएमवर फोनवरचा आवाज. नियामक मंडळाने त्यांना बातम्या सुधारण्याची सक्त ताकीद दिली. पहाटेच्या कार्यक्रमाची खरी परीक्षा अशाच दिवशी होते. रात्री कॅमेरे आणि माणसं तयार ठेवण्याचा खर्च वर्षातले तीनशे दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, पण एका पहाटे तो नसला की सगळं उघडं पडतं.

शेवट थोडक्यात. १९९१ च्या लिलावात टीव्ही-एएमने परवान्यासाठी वर्षाला सुमारे १ कोटी ४१ लाख पौंड देऊ केले आणि प्रतिस्पर्धी सनराइजने सुमारे ३ कोटी ४६ लाख. ३१ डिसेंबर १९९२ ला टीव्ही-एएम बंद झालं आणि दुसऱ्या दिवसापासून सनराइज 'जीएमटीव्ही' या नावाने दिसू लागलं.

बरोबर आठच्या ठोक्याला ठळक बातम्या कशा सुरू होतात? आधीची मुलाखत नेमकी वेळेवर कशी संपते? (पत्रकारितेची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

ती आपोआप वेळेवर संपत नाही, संपवली जाते. हिशेब नेहमी उलटा, शेवटाकडून सुरुवातीकडे करायचा.

समजा ८:००:०० ला ठळक बातम्या हव्यात. त्याआधी १५ सेकंदांची नावपट्टी आणि संगीत आहे, म्हणजे ती ७:५९:४५ ला सुटली पाहिजे. त्याआधी हवामान दीड मिनिट, ते ७:५८:१५ ला. त्याआधी तीन मिनिटांची मुलाखत, ती ७:५५:१५ ला. आता आधीची ध्वनिचित्रफीत लांबली आणि मुलाखत ७:५५:३५ ला सुरू झाली, तर वीस सेकंद कुठून कापायचे? नावपट्टी कापता येत नाही. मुलाखत कापायची. निवेदकाच्या कानात 'एक मिनिट', 'तीस', 'दहा' असा उलटा आकडा पडत असतो. कसलेला निवेदक 'तीस' ऐकल्यावर नवा प्रश्न विचारत नाही.

हवामान शेवटी ठेवण्यामागेही हेच गणित आहे. हवामान सांगणारा समोरच्या नकाशावर बोलतो, लिहिलेलं वाचत नाही, त्यामुळे त्याला दीड मिनिटाचं एक मिनिट किंवा दोन मिनिटं करता येतात. रनिंग ऑर्डर, म्हणजे कार्यक्रमातल्या तुकड्यांची वेळेनुसार यादी, लिहिताना प्रत्येक अर्ध्या तासात असा एक ताणता येणारा तुकडा ठेवाच. नवशिके तो विसरतात आणि मग निवेदकावर 'तर पाहत राहा' हे तीनदा म्हणायची वेळ येते.

मराठी मजकूर लिहिताना सेकंदाला दोन शब्द धरून चला. वीस सेकंदांच्या बातमीला चाळीस शब्द. आकडे आणि जोडनावं जास्त वेळ खातात, तिथे दोन-तीन शब्द कमीच लिहा. आणि सहाला वाचलेली बातमी सातला जशीच्या तशी वाचू नका. 'आज होणार आहे' चं 'थोड्याच वेळात' आणि मग 'सुरू झाली आहे' झालं का, हे दर तासाला पाहायचं. पहाटेच्या पाळीत सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण मजकूर रात्रीच्या माणसाने लिहिलेला असतो आणि वाचणारा नुकताच आलेला असतो.

आपल्याकडे सकाळचा टीव्ही कधी आला? (नाशिक)

दूरदर्शनचं सकाळचं प्रक्षेपण १९८७ मध्ये सुरू झालं. पण मराठी घरांना सकाळच्या बातम्यांची सवय त्याच्या कितीतरी आधीपासून रेडिओने लावली होती. पुणे केंद्राच्या सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की निघायला किती वेळ उरला हे कळायचं. बीबीसीने पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ ठेवलं त्याचं काम तेच होतं.

लंडनहून आलेल्या मावशींकडे तेव्हाच्या काही व्हीएचएस कॅसेट आहेत. त्यात सकाळच्या बातम्या आहेत असं त्या म्हणतात. त्या कशा जपाव्यात? काळ कसा ओळखावा? (ठाणे)

आधी कॅसेट लावू नका. खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत ती हमखास धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी टेप वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती कॅसेट वेगळी ठेवून टेप साफ करणाऱ्याकडे द्या.

चांगल्या कॅसेटच्या कण्यावरची प्लास्टिकची छोटी टिकली तोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. मग टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या टेपचा ताण त्याने सारखा होतो. हेड साफ करताना आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओला केलेला, धागे न सुटणारा कपडा हेड बसवलेल्या गोल ड्रमला टेकवून स्थिर धरा आणि ड्रम हाताने फिरवा. कपडा वर-खाली घासला तर हेड तुटतं.

ब्रिटनची कॅसेट 'पाल' या चित्रपद्धतीची असते, आपल्याकडच्या व्हीसीआरवर चालते. अमेरिकेतून आलेली 'एनटीएससी' या वेगळ्या पद्धतीची असते, तिला दोन्ही पद्धती चालवणारा व्हीसीआर लागतो. ई-१८० छापलेल्या कॅसेटवर तीन तास मावतात. लाँग प्ले वर, म्हणजे निम्म्या वेगाने, रेकॉर्ड केली असेल तर सहा, पण मग चित्रावर रेघा जास्त येतात आणि ट्रॅकिंग, म्हणजे हेड आणि टेपवरचं रेकॉर्डिंग यांचा मेळ, हाताने जुळवावं लागतं. संगणकात घेताना ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम ठेवा आणि मूळ प्रतीत इंटरलेस (एकाआड एक ओळींनी रचलेलं चित्र) तसंच राहू द्या. डीव्ही या फाइल प्रकारात तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते.

काळ ओळखायचा तर लाल सोफा आणि कोपऱ्यात घड्याळ असेल तर १९८३ ते ८६ चा 'ब्रेकफास्ट टाइम'. टेबल असेल तर त्यानंतरचा, कारण १९८६ च्या अखेरीस कार्यक्रमाचं रूप बदलून तो पक्क्या बातम्यांकडे वळला. 'ब्रेकफास्ट न्यूज' हे नाव दिसलं तर २ ऑक्टोबर १९८९ नंतरची. टीव्ही-एएमवर रोलँड रॅट असेल तर १९८३ ते ८५, कारण नंतर तो बीबीसीकडे गेला. थेट कार्यक्रमाऐवजी 'बॅटमॅन'चे जुने भाग असतील तर बहुधा १९८७-८८ चा हिवाळा. तेव्हा टीव्ही-एएमने संपावर गेलेल्या तंत्रज्ञांना आत घेतलं नव्हतं आणि व्यवस्थापनातली माणसं कॅमेरे चालवत होती.

कोपऱ्यातलं ते घड्याळ आणखी एका कामाचं आहे. टेप संगणकात उतरवणारं स्वस्त कॅप्चर उपकरण खराब टेपवर फ्रेम गाळतं आणि आवाज हळूहळू ओठांच्या पुढे-मागे जातो. पडद्यावर ७:०५ चे ७:०६ होतात तो क्षण आणि ८:०५ चे ८:०६ होतात तो क्षण फाइलमध्ये शोधा. मधलं रेकॉर्डिंग सलग असेल, तर दोन्हींत नेमके ६० मिनिटं अंतर हवं. ५९ मिनिटं ५० सेकंद आलं तर दहा सेकंदांच्या, म्हणजे अडीचशे फ्रेम गळल्या आहेत. टाइम बेस करेक्टर (टेपवरच्या चित्राची डळमळती वेळ सावरणारी सोय) असलेला व्हीसीआर मिळवून ती कॅसेट पुन्हा उतरवा.