वाचकांचे प्रश्न : गजकर्ण, इसब आणि स्टिरॉइडची मलमे

प्रश्न : मी यंत्रमाग कारखान्यात काम करतो. जांघेत गजकर्ण झाले म्हणून औषधाच्या दुकानातून विचारून एक मलम आणले. लावले की दोन-तीन दिवसांत खाज थांबते, पण सोडले की आठवडाभरात दुप्पट पसरते. असे सहा महिने चालले असून आता तेथे जांभळट चरे उमटले आहेत. मलम बदलावे का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नळीवरची बारीक अक्षरे वाचून पाहावीत. तेथे बुरशीवरच्या औषधाच्या जोडीला क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन हे नाव असण्याची दाट शक्यता आहे. ही दोन्ही स्टिरॉइडे आहेत आणि त्यांतले क्लोबेटासोल अतितीव्र गटात मोडते. लाली आणि खाज ही शरीराने बुरशीशी मांडलेल्या झगड्याची लक्षणे असतात. स्टिरॉइड तो झगडाच दडपते, त्यामुळे रुग्णाला बरे वाटते आणि बुरशी मात्र निर्वेधपणे पसरत राहते. शिवाय गजकर्णाची ओळख पटवणारी उंच, लालसर कडाही पुसट होत असल्याने पुढे डॉक्टरांनाही निदान अवघड जाते.

चरे बुरशीचे नसून मलमाचे आहेत. दीर्घकाळ वापरलेल्या तीव्र स्टिरॉइडने त्वचेला बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन कमी होते, त्वचा पातळ पडते आणि ताण येईल तेथे ती आतून विरते. या चऱ्यांचा रंग कालांतराने फिकट होईल, पण ते पूर्णपणे जाणार नाहीत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. जांघेची त्वचा मुळात नाजूक, त्यात घडीमुळे झाकलेली आणि घामाने ओली राहणारी असल्याने तेथे औषध अधिक शोषले जाते. हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड शरीराच्या कोणत्या भागात किती शोषले जाते याचे मापन १९६७ मध्ये झाले, तेव्हा वृषणाच्या त्वचेतील शोषण हाताच्या पुढच्या भागापेक्षा सुमारे चाळीस पट आढळले होते.

तेव्हा मलम बदलू नये, हे मलम थांबवावे आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे नळी सोबत घेऊन जावे. थांबवल्यावर काही दिवस खाज उसळेल. त्या वेळी पुन्हा तीच नळी उघडण्याचा मोह होतो आणि बहुतेकांचे महिने तेथेच वाया जातात. तज्ज्ञ त्वचा किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी तपासतील आणि बहुधा पोटात घेण्याच्या गोळ्याही देतील. त्या कित्येक आठवडे घ्याव्या लागतात आणि खाज थांबली म्हणून मध्येच सोडायच्या नसतात. घरात आणखी कोणाला खाज असल्यास त्यांनाही दाखवावे. टॉवेल व अंतर्वस्त्रे वेगळी ठेवावीत.

क्लोबेटासोलसारखी औषधे कायद्याने अनुसूची एचमध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत, आणि २०१८ मध्ये या यादीत आणखी अनेक स्टिरॉइड मलमांची भर पडली. तरीही ‘खाजेचे मलम द्या’ एवढ्या मागणीवर ती मिळतात, हा दोष एकट्या ग्राहकाचा नाही.

प्रश्न : दोन वर्षांच्या नातीला गुडघ्यांच्या मागे इसब आहे. डॉक्टरांनी एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन दिले. पण ते स्टिरॉइड आहे असे कळल्यापासून सून ते लावू देत नाही. काय करावे?
– एक आजी, सावंतवाडी

उत्तर : सूनबाईंची भीती निराधार नाही, पण या मलमाला ती लागू पडत नाही. हायड्रोकॉर्टिसोन सर्वांत सौम्य गटातले आहे आणि इसबावर, सांगितलेल्या जागी व सांगितलेल्या मुदतीत लावल्यास त्वचा पातळ होण्याचा धोका अगदी कमी असतो. उलट भीतीपोटी लावलेच नाही, तर मूल रात्रभर खाजवते, कातडी फुटते आणि तेथे जंतुसंसर्ग होतो.

प्रमाणासाठी मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून निघालेली मलमाची रेघ धरावी. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते; नातीच्या गुडघ्यांमागे त्याहून कमीच लागेल. डॉक्टरांनी सांगितले असेल तसे दिवसातून एकदा किंवा दोनदा लावावे. त्वचा मऊ ठेवणारे साधे मलम मात्र इसब शमल्यावरही रोज चालू ठेवावे. लंगोटाच्या आत आणि पापण्यांवर हायड्रोकॉर्टिसोन आपल्या मनाने लावू नये, आणि घरातल्या मोठ्यांची तीव्र मलमाची नळी तिच्यासाठी कधीही वापरू नये. आठवड्याभरात फरक दिसला नाही, किंवा पिवळट खपल्या धरून पाणी येऊ लागले, तर पुढे लावण्याआधी तिला पुन्हा दाखवून आणावे.