वाचक विचारतात : ‘घेरिया’चं चित्र खरं किती जुनं?

प्रश्न : आजोबांच्या खोलीत विजयदुर्गाचं (जुनं नाव घेरिया) फ्रेम केलेलं चित्र आहे. धुराचे लोट, इंग्रजी गलबतं, खाली ‘घेरिया, १७५६’. हे त्या काळचं अस्सल मानावं का?

उत्तर : ताई, आधी फ्रेम उघडा आणि भिंग घ्या. ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती पुस्तकातल्या चित्राची अलीकडची छपाई, विषय संपला. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रात रेषा सलग असतात, टोकाला निमुळत्या होतात. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर उमटलेला असतो. समास कापला असेल तर तो सापडत नाही. कागद उजेडासमोर धरा. समांतर रेघा दिसल्या, तर जुनेपणाची आशा ठेवा, पण तेवढ्यावर खात्री नको. रंग मात्र पुष्कळदा मागाहून हातानं भरलेले असतात.

आता चित्रातला धूर. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार विजयदुर्गाजवळच्या वाघोटन खाडीच्या मुखात शिरलं. इंग्रज सेनानी क्लाइव्ह फौजेसह जमिनीवर उतरला. तोफगोळ्यानं किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांच्या एका गलबतानं पेट घेतला आणि शेजारीच नांगरलेलं सगळं आरमार जळालं. चित्रकाराला हाच भाग आवडणार, उघड आहे! पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूनं आली होती, ती मात्र अशा चित्रांत शोधावीच लागते. गिऱ्हाईक लंडनचं, तेव्हा शौर्य वॉटसनचं. तटाची उंची आणि बुरूज त्यावरून मोजायला जाऊ नका.