फोनवर नको, लेखी दे

चि. बाळ,

तुझा मेल दोनदा वाचला. क्रेडिट कार्डाची सगळी बाकी भरलीस, ‘बंद करा’ म्हणून फोन केलास, पलीकडच्या मुलीनं ‘हो मॅडम’ म्हटलं आणि तू निश्चिंत झालीस. आता वार्षिक शुल्क लागलं, त्यावर लेट फी चढली, रात्री नऊला वसुलीवाले फोन करतात. ‘माझं काय चुकलं’ विचारतेस. तू लेखी दिलं नाहीस. बाकी काही चुकलं नाही.

नियम तुझ्या बाजूचे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे बाकी शून्य असेल तर कार्ड बंद करायला बँकेला कामाचे सात दिवस मिळतात. पुढे उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये दंड, तोही बँकेनं तुला द्यायचा. अर्ज पोस्टानंच पाठवा असा हट्ट बँकेला धरता येत नाही, मेल चालतो. पण सात दिवस मोजायचे कुठल्या तारखेपासून? फोनची नोंद त्यांच्याकडे आहे, तुझ्याकडे काय आहे?

बँकेत काउंटरमागे असताना मी माणसांना ‘लिहून आणा’ म्हणून परत पाठवायचे. लोक खडूस म्हणायचे. म्हणोत. ज्यांनी लिहून दिलं त्यांच्यासाठी मला वरच्यांशी भांडता आलं. जे तावातावानं बोलून निघून गेले, त्यांच्यासाठी काहीच करता आलं नाही, आणि त्यांतले काही चेहरे अजून आठवतात. म्हणून सांगते, लेखी दे.

दुसऱ्या कार्डावर ‘मिनिमम भरतेय, काळजी नाही’ असं लिहिलंयस, म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी. काळजी आहे गं! ५०,००० बाकी, महिना साडेतीन टक्के व्याज म्हणजे १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३१५. तू २,५०० भरलेस तर मुद्दल फिटलं ४३५ रुपये. शिवाय बाकी ओढत नेलीस की नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. नुसतं मिनिमम भरत राहिलं तर फेड लांबत जाते, हा इशारा स्टेटमेंटवर छापणं बँकेवर बंधनकारक आहे. तू स्टेटमेंट उघडतच नाहीस.

कोर्ट व्याज कमी करून देईल या आशेवरही राहू नकोस. वर्षाला ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. मला ते पटलेलं नाही, पण आज व्याजाला आकड्याची मर्यादा नाही. ते कार्ड आधी फेड, एफडी मोडावी लागली तरी.

आता ऐक. आज रात्रीच बँकेला मेल कर. बाकी कधी फेडली, फोन कधी केला, कुठलं शुल्क परत हवं, सगळं तारखांसह लिही. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायला मनाई आहे. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट जोड. तक्रार क्रमांक माग. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. लेखी, बरं का. तोंडी तक्रार ते विचारातच घेत नाहीत.

मसुदा आधी मला पाठव. रागाची वाक्यं मी काढून टाकीन, तारखा तेवढ्या ठेवू.

तुझी,
मावशी